खोलीतला पारा कोण बघणार?

एप्रिल-मे महिन्यांत वर्तमानपत्रात तापमानाचा आकडा छापून येतो. ‘आज ३४ अंश’ असे म्हणून आपण पान उलटतो. तो आकडा आपल्या घरातला नसतो. मुंबईसाठी हवामान खात्याच्या वेधशाळा कुलाबा आणि सांताक्रूझला आहेत, आपल्या पालघर जिल्ह्यात डहाणूला आहे. तिथला थर्मोमीटर मोकळ्या जागेत, झडपांच्या पांढऱ्या पेटीत, सावलीत ठेवलेला असतो. कळंबमधल्या पत्र्याखालच्या खोलीत किंवा नालासोपाऱ्यातल्या इमारतीत सगळ्यात वरच्या मजल्यावर रात्री अकरा वाजता काय चालले आहे, हे त्या पेटीला ठाऊक नसते.

रात्री अकराचीच वेळ का घेतली? स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि संध्याकाळनंतर ती उष्णता हळूहळू खाली सोडतो. बाहेर खारा वारा सुटलेला असतो, अंगणात बसलेल्या माणसाला बरे वाटते, पण वरच्या खोलीतली हवा अजून तापलेलीच असते. आणि बहुतेक घरांत ती वरची किंवा मागची खोली कोणाला दिलेली असते? दादी-नानीला, नाहीतर बाळंतिणीला, शांतता मिळावी म्हणून. दोघीही तक्रार करत नाहीत. वय झाले की तहान कमी लागते आणि उकाडाही उशिरा जाणवतो. “मला काही होत नाही गं” हे वाक्य आपण सर्वांनी ऐकले आहे.

१९९५ च्या जुलैमध्ये अमेरिकेतल्या शिकागो शहरात उष्णतेच्या लाटेत सातशेहून अधिक माणसे गेली. त्यांत पुष्कळ वृद्ध होते, एकटे राहणारे, खिडक्या बंद केलेल्या खोल्यांत, अनेक जण वरच्या मजल्यांवर. रस्त्यावरचे तापमान सगळ्यांना कळत होते. खोलीतले कोणालाच कळले नाही.

प्रत्येक खोलीचे तापमान बाहेर बसून कळावे, ही कल्पना एका शिक्षकाची आहे. आमच्या पेशाचा माणूस, म्हणून मुद्दाम सांगते. वॉरन जॉन्सन हे अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात व्हाइटवॉटर गावच्या अध्यापक विद्यालयात शिकवत. थंडीत तिथला शिपाई तास चालू असताना वर्गावर्गात शिरून थर्मोमीटर बघायचा आणि मग तळघरात जाऊन गरम हवेच्या झडपा फिरवायचा. तास मोडायचे. जॉन्सन यांनी वर्गातून तळघरापर्यंत विजेची तार नेली. वर्गातला पारा बदलला की शिपायाला खालीच इशारा मिळू लागला. १८८३ मध्ये त्यांना याचे पेटंट मिळाले. आज आपण ज्याला वायरलेस सेन्सर म्हणतो ते तेच यंत्र आहे, फक्त तार गेली आणि शिपायाच्या जागी मोबाइल आला.

ज्या थंड देशांत आपली माणसे नोकरीसाठी स्थायिक झाली आहेत, तिथे हा रोजचा प्रश्न आहे. इंग्लंडमध्ये राहणाऱ्या माझ्या मामेबहिणीने गेल्या हिवाळ्यात फोन केला, “आपा, खाली घाम येतो आणि बाळाची खोली गारच राहते.” तिथे बॉयलरमधले गरम पाणी भिंतीलगतच्या रेडिएटरमधून फिरवतात. तिच्या घरात तापमान मोजणारा थर्मोस्टॅट एकच, तोही खालच्या पॅसेजमध्ये. पॅसेज तापला की बॉयलर बंद, मग वरच्या खोलीचे काहीही होवो. यावर उपाय म्हणजे घराचे भाग पाडून प्रत्येक खोलीच्या रेडिएटरला आपोआप उघडझाप करणारा व्हॉल्व्ह बसवणे. पण यातही एक गोम आहे. त्या व्हॉल्व्हचा स्वतःचा सेन्सर गरम रेडिएटरला चिकटलेला असतो, पुढे सोफा किंवा पडदा असला तर आणखीच फसतो. त्याला वाटते खोली तापली, आणि तो पाणी बंद करतो. म्हणून पाळण्याच्या बाजूच्या भिंतीवर वेगळा वायरलेस सेन्सर लावायचा आणि व्हॉल्व्हला त्याचे ऐकायला सांगायचे. घेताना विचारायचा पहिला प्रश्न असा: हा व्हॉल्व्ह बाहेरच्या सेन्सरचे ऐकतो का? काही ऐकत नाहीत. नुसता आकडा मोबाइलवर दाखवणारा सेन्सर आणि व्हॉल्व्ह चालवणारा सेन्सर या दोन वेगळ्या वस्तू आहेत, दुकानदार दोन्हींना एकच नाव देतो. जागतिक आरोग्य संघटनेने थंड देशांतल्या घरांसाठी किमान १८ अंश सेल्सिअस सुचवले आहे. तान्हे बाळ किंवा म्हातारे माणूस असेल तर त्याहून थोडे जास्त.

आपल्याकडे हीटर नाही, एसी आहे, पण गोम तीच. एसीचा सेन्सर भिंतीवर उंच टांगलेल्या यंत्रातच असतो. तो छताजवळची हवा मोजतो, खाटेवरची नाही. २०२० च्या जानेवारीपासून आपल्या देशात विकल्या जाणाऱ्या एसींवर सुरुवातीचा आकडा २४ अंश ठेवलेला असतो, आणि ऊर्जा दक्षता ब्यूरोच्या म्हणण्यानुसार आकडा एका अंशाने वाढवला की सुमारे ६ टक्के वीज वाचते. तेव्हा १८ वर लावून चादर ओढून झोपण्याऐवजी उशाशी एक छोटा थर्मोमीटर ठेवून बघा, २६ वर पंख्यासह किती छान झोप लागते. काही एसींच्या रिमोटमध्येच सेन्सर असतो, ‘फॉलो मी’ किंवा ‘आय फील’ असे बटण दिसेल. ते चालू करून रिमोट उशाजवळ ठेवला की एसी तिथल्या तापमानाप्रमाणे चालतो. मात्र रिमोटचे तोंड एसीकडे असायला हवे. उशीखाली गेला तर निरोप पोहोचत नाही.

आता खरेदी. डब्यावर २९.४ असा दशांशापर्यंतचा आकडा दाखवला म्हणजे यंत्र अचूक झाले असे नाही. आत कागदावर ‘±’ चिन्हापुढचा आकडा शोधा. तापमानासाठी ±०.५ अंश असेल तर उत्तम, ±१ चालेल, ±२ असेल तर परत ठेवा. आर्द्रतेसाठी ±३ ते ±५ टक्के. दोन-तीन आणले असतील तर पहिल्या रात्री सगळे एकाच टेबलावर शेजारी-शेजारी ठेवा आणि सकाळी वाचा. एक नेहमी अर्धा अंश जास्त दाखवतो हे कळले की पुरे, त्यावर चिठ्ठी चिकटवा. आर्द्रता तपासायला आपल्या किनाऱ्याला शोभणारी युक्ती आहे: बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन थेंबभर पाण्याने ओलसर करा, ते आणि सेन्सर एका घट्ट बंद पिशवीत रात्रभर ठेवा. आत ७५ टक्के आर्द्रता तयार होते. आकडा त्याच्या आसपास हवा. मीठ यंत्राला लागू देऊ नका.

आर्द्रतेवर एवढा भर का, तर आपल्याकडे नुसते तापमान निम्मीच गोष्ट सांगते. अमेरिकन हवामान खात्याच्या तक्त्यानुसार ३२ अंश तापमान आणि ७५ टक्के आर्द्रता असेल तर शरीराला ते जवळपास ४३ अंशांसारखे जाणवते, कारण घाम सुकतच नाही. नागपूरची मंडळी आपल्या ३४ अंशांना हसतात, हसू द्या.

आणि ओल फक्त उन्हाळ्यापुरती नाही. इंग्लंडमधल्या रॉचडेल गावात अवाब इशाक नावाचे दोन वर्षांचे मूल डिसेंबर २०२० मध्ये वारले. सरकारी पद्धतीच्या भाड्याच्या घरात भिंतींवर बुरशी होती, आईवडिलांनी वारंवार कळवले होते. मृत्यूचे कारण ती बुरशीच, असा निष्कर्ष २०२२ मध्ये तिथल्या चौकशी अधिकाऱ्यांनी दिला आणि त्या मुलाच्या नावाने पुढे कायदाही झाला. त्या घरातल्या ओलीला ‘तुमच्या राहण्याच्या पद्धती’ जबाबदार धरल्या गेल्या होत्या. भिंतीवरचा आर्द्रतेचा रोजचा आकडा लिहून ठेवलेला असेल, तर असे बोलणाऱ्याला उत्तर देता येते. भाड्याने राहणाऱ्यांनी, इथेही, हे ध्यानात ठेवावे. पावसाळ्यात मात्र खिडक्या उघडून आमच्या भिंती सुकत नाहीत, बाहेर आतपेक्षाही ओल असते. तेव्हा एसीचा ‘ड्राय’ मोड दिवसातून तासभर चालवून सेन्सरवर फरक पाहा.

वायरलेस घ्यावा की साधा? माझे स्पष्ट मत असे की बहुतेक घरांना काही शे रुपयांचा साधा, स्वतःवर आकडा दाखवणारा पुरतो. वायरलेस हवा तो फक्त त्या खोलीसाठी, जिथला माणूस आकडा वाचणार नाही किंवा वाचूनही हाक मारणार नाही. मग प्रकार बघा. ब्लूटूथचा स्वस्त आणि बॅटरी महिनोन्महिने टिकणारा, पण जाड भिंतीपलीकडे अडतो. वायफायचा शाळेत बसूनही दिसतो, पण बॅटरी लवकर खातो आणि लाइट गेली, राउटर बंद पडला की तोही मुका. नेमका उकाडा तेव्हाच वाढलेला असतो. झिगबीचा मध्ये आहे, त्याला वेगळा हब लागतो. काहीही घ्या, पण ज्याच्या अंगावरच पडदा आहे असाच घ्या, म्हणजे नेट नसले तरी शेजारची पोरगी वाचून फोनवर सांगू शकेल. परदेशातून नातेवाईक आणणार असतील तर रेडिओची फ्रीक्वेन्सी विचारा. अमेरिकेत अशी यंत्रे ९१५ मेगाहर्ट्झवरही चालतात. आपल्याकडे या कामासाठी खुला पट्टा ८६५ मेगाहर्ट्झपासूनचा आहे.

लावताना खाटेच्या उंचीच्या थोडे वर, आतल्या भिंतीवर, पंख्याच्या थेट झोताबाहेर. टीव्ही, फ्रिज, राउटर यांच्यावर नको, उन्हात नको, बाहेरच्या भिंतीवर नको. स्वयंपाकघरात लावून काही शिकायला मिळत नाही, तिथे गरम होते हे आपल्याला माहीत आहे. सेन्सर हवा मोजतो, डोक्यावरच्या तापलेल्या पत्र्याची झळ मोजत नाही, म्हणून पत्र्याखाली आकड्यापेक्षा जास्तच त्रास समजा. मोबाइलवर इशारा लावता येत असेल तर ३३ अंशांवर लावा आणि इशारा वाजला की दादीला सरळ खालच्या खोलीत आणा, तिच्याशी वाद घालत बसू नका. म्हातारे माणूस असंबद्ध बोलू लागले, अंग तापून भाजायला लागले, तर अंगावर पाणी मारत १०८ ला फोन करायचा.

शेवटची गोष्ट त्या छोट्या बॅटरीची. यांतल्या पुष्कळ सेन्सरमध्ये सीआर२०३२ ही नाण्याएवढी चपटी बॅटरी असते. मुलाने ती गिळली आणि अन्ननलिकेत अडकली, तर दोन तासांतही आतून भाजू शकते. झाकणाला स्क्रू असलेलाच सेन्सर निवडा. खाऱ्या हवेने आतल्या पट्ट्या गंजतात, तेव्हा झाकण अधूनमधून उघडावे लागणारच. ते मुले शाळेत गेल्यावर उघडा आणि जुन्या बॅटरीला दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावून ती लगेच उंच जागी ठेवा. गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी काढू नका, थेट एक्स-रे असलेल्या दवाखान्यात न्या आणि बॅटरीचे रिकामे पाकीट सोबत घ्या.