मोठं कडं की छोटं? दोरीला कळेना!

मुलांनो, एक रबरबँड घ्या. तो आधी पेन्सिलीवर चढवा, मग तांब्यावर. तांब्यावर जास्त ताणावा लागला ना? ताणायला ऊर्जा लागते. एवढं ध्यानात ठेवा.

स्ट्रिंग थिअरी नावाचा एक सिद्धान्त आहे. स्ट्रिंग म्हणजे दोरी. या सिद्धान्तानुसार जगातले सगळे कण म्हणजे कल्पनेपलीकडच्या बारीक, थरथरणाऱ्या दोऱ्या! समजा, अवकाशाची एक दिशा कड्यासारखी गोल आहे. दोरी त्या कड्यावरून फिरेल, नाहीतर त्याला वेढे घालेल. कडं मोठं तर वेढा महाग, अगदी रबरबँडसारखा. फिरण्याचं मात्र उलटं: कडं लहान तर ऊर्जा जास्त. हा सूक्ष्म जगाचा नियम, तूर्त मान्य करा.

आता वही काढा. कड्याची त्रिज्या २ धरा. वेढ्यांची ऊर्जा २, ४, ६... आणि फिरण्याची अर्धा, एक, दीड... आता त्रिज्या १/२ (अर्धा) धरा. वेढ्यांची अर्धा, एक, दीड; फिरण्याची २, ४, ६! याद्यांची फक्त अदलाबदल झाली. (खरं गणित लांबलचक आहे, पण गंमत हीच.) म्हणजे आपण मोठ्या कड्यावर आहोत की छोट्या, हे दोरीला कळतच नाही! किक्कावा आणि यामासाकी या जपानी शास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये हे दाखवलं. याला टी-ड्युआलिटी म्हणतात.

पुढची गोष्ट आपल्या मातीतली. अतीश दाभोलकर कोल्हापूर जिल्ह्यातल्या गारगोटीत वाढले, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांनी संशोधन केलं आणि २०१९ मध्ये इटलीतल्या त्रिएस्ते इथल्या आंतरराष्ट्रीय भौतिकी केंद्राचे ते संचालक झाले. ख्रिस हल यांच्यासोबत २००५ मध्ये त्यांनी एका अजब अवकाशाचा अभ्यास मांडला.

समजा, तुम्ही लोणी भापकरच्या मल्लिकार्जुनाला प्रदक्षिणा घालताय, हातात २ मापाचं कडं. चालता चालता त्याचं माप बदलतंय. फेरी पूर्ण झाली, तर कडं १/२ मापाचं! साध्या नकाशात ही टोकं जुळणारच नाहीत. पण दोरीला फरकच कळत नाही, म्हणून तिच्या लेखी सांधा बरोबर बसतो. अशा जागेचा हिशेब ठेवायला कड्याच्या प्रत्येक दिशेला दोन आकडे लागतात, एक फिरण्याच्या बाजूचा, दुसरा वेढ्यांच्या. दुसरा आकडा म्हणजे चालायला नवी वाट नव्हे हं! वहीतलं दुसरं खातं म्हणा.

या दोऱ्या अजून कोणत्याही प्रयोगात दिसलेल्या नाहीत. त्या खरंच आहेत का, हा प्रश्न उघडाच आहे, आणि मला तर तोच जास्त आवडतो.

बरं, ३ आणि एकतृतीयांश त्रिज्येच्या याद्या आता तुम्ही करा. आईबाबांनाही बसवा शेजारी!