म्हातारा बैल अचानक लंगडू लागला तर?

मैत्रिणींनो, आपल्यापैकी पुष्कळजणी राहतात वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगावसारख्या शहरात. पण शेत आणि कोठा असतो खेड्यावर. कुणाकुणाच्या घरामागे अजूनही एखादी जोडी बांधलेली असते. सकाळी कुटाराचं टोपलं घेऊन कोठ्यात आधी जाते ती बहुधा घरची बाईच. त्यामुळे काल संध्याकाळपर्यंत धड असलेला बैल आज तीन पायांवर उभा आहे, हे प्रथम दिसतं तेही तिलाच. मग घरात दोनच मतं निघतात. एक म्हणतं, "चालेल थोडा, की सुटेल पाय." दुसरं म्हणतं, "म्हाताराच झाला आता, काय करायचं त्याचं?" माझ्या मते ही दोन्ही मतं बाजूला ठेवून आधी त्याचा पाय बघावा.

डवरणीच्या दिवसांत एक बैल बसला की जोडी मोडते, कामाचा खोळंबा होतो, हे खरंच आहे. पण दुखऱ्या पायावर जुंपलेला बैल दोन दिवसांऐवजी दोन महिने बसतो. शिवाय मार्च २०१५ पासून आपल्या राज्यात गायींबरोबर बैलांच्याही कत्तलीला बंदी आहे. तेव्हा थकलेल्या बैलाला गिऱ्हाईक मिळत नाही. तो दावणीलाच राहतो आणि त्याचं सारं करणं घरावर येतं. मग ते नीट केलेलं काय वाईट?

प्रथम पाय कोणता ते ओळखा. सपाट जागेवर कुणाला तरी वेसण धरून त्याला चार पावलं चालवायला सांगा आणि तुम्ही बाजूने बघा. मागे उभं राहू नका. कितीही गरीब जनावर असलं तरी दुखऱ्या पायाने लाथ मारतंच. पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना बैल मान वर उचलतो आणि चांगला पाय टेकताना मान खाली जाते. आपल्या आर्वी, आष्टी, कारंजाकडचे गवळाऊ बैल अंगाने हलके, चालीला झपाझप. त्यांची चाल बिघडली की नवख्या माणसालाही कळतं.

पाय कळला की नजर आधी खुराकडे न्या. लोक खांदा चोळत बसतात, मांडी चोळत बसतात, आणि बहुतेक वेळा दुखणं असतं खुरात. घोड्याचं खूर एकसंध असतं, बैलाचं दुभंगलेलं. त्या फटीत खडा, बाभळीचा काटा, काचेचा तुकडा सहज अडकतो. आपल्याकडे तर पऱ्हाटी काढल्यावर शेतात राहिलेली धसकटं भाल्यासारखी असतात. एका माणसाने वेसण धरावी, दुसऱ्याने पाय उचलावा, आणि खूर धुऊन नीट बघावं. दोन्ही बाजूंच्या खुरांना हात लावून बघा. एक जास्त गरम लागलं, दाबताच बैलाने पाय ओढून घेतला, तर आत पू धरला असण्याचा संभव आहे. नुकतीच नाल ठोकली असेल तर तेही आठवा. खिळा कोवळ्या भागात गेला तर बैल त्याच दिवशी नाही, चार-दोन दिवसांनीही लंगडतो. पू झाला असेल तर डॉक्टर खूर थोडं तासून त्याला वाट करून देतात, आणि उभा न राहणारा बैल पाय टेकू लागतो. हे काम घरच्या चाकूने मात्र करायचं नाही हं!

खूर स्वच्छ असेल तर बाकीच्या गोष्टी बघायच्या. पावसाळ्यात ताप येऊन आज एक पाय, उद्या दुसरा, असं लंगडणं फिरत असेल तर तो तीन दिवसांचा ताप असू शकतो. नावाप्रमाणे तो बहुधा तीन दिवसांत उतरतो. (थर्मामीटरने १०१ दाखवलं म्हणून घाबरू नका, बैलाचं नेहमीचं उष्णतामान आपल्यापेक्षा जास्तच असतं, साधारण १०१ ते १०२.) तोंडाला लाळ, जिभेवर आणि खुरांच्या फटीत फोड दिसले तर लाळ्या-खुरकूत समजा आणि त्याला लगेच बाकीच्या जनावरांपासून दूर बांधा. २०२२ साली लंपीची साथ आली तेव्हा अंगावरच्या गाठींबरोबर पायाला सूज येऊन जनावरं लंगडत होती, हे अनेकींना आठवत असेल. पाय भराभर सुजत असेल तर सापाचीही शंका घ्यावी.

आणखी एक प्रकार असा, की मागचा पाय ताठ होतो, बैल तो मागे ओढत नेतो आणि मध्येच झटक्याने पाय सुटतो. गुडघ्याची वाटी वर अडकल्यामुळे हे होतं. लोक यावर डाग देतात. मला तो प्रकार पाहवत नाही, आणि त्याने अडकलेली वाटी काही सुटत नाही. पशुवैद्यक ती जागा बधिर करून लहानशी शस्त्रक्रिया करतात, काही मिनिटांचं काम.

आता आपल्या औषधाच्या डब्याविषयी. गुडघेदुखीच्या गोळ्या हल्ली घरोघरी असतात. "माणसाला चालते, मग बैलाला चार द्या," असं सांगणारे भेटतात. त्यांचं ऐकू नका. डायक्लोफिनॅक हे औषध जनावरांसाठी २००६ साली बंद झालं. ते दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की गिधाडांची मूत्रपिंडं निकामी होतात. पांढऱ्या पाठीची गिधाडं देशात शंभरात एकसुद्धा उरली नाहीत. २०२३ साली किटोप्रोफेन आणि अ‍ॅसिक्लोफिनॅक यांवरही जनावरांसाठी बंदी आली. मेलॉक्सिकॅम हे औषध गिधाडांना सुरक्षित ठरलं आहे, पण ते किती आणि किती दिवस, हे डॉक्टरांनीच ठरवायचं. तालुक्याचा दवाखाना लांब असेल तर १९६२ या टोल फ्री नंबरवर फिरत्या पथकासाठी फोन करता येतो. बिब्बा लावणंही नको, कातडी भाजते.

डॉक्टर येईपर्यंत करण्यासारखं पुष्कळ आहे. काम बंद, जागा कोरडी, खाली कुटाराचं जाड अंथरूण. ताजी मुरगळ असेल तर पहिल्या दिवशी गार पाण्याच्या पट्ट्या, शेक नंतर. खुरात दुखत असेल तर कोमट मिठाच्या पाण्यात पाय पंधरा-वीस मिनिटं बुडवून मग कोरडा करा. म्हाताऱ्या बैलाचे दात झिजलेले असतात, तेव्हा कडबा बारीक कापून आणि ढेप भिजवून द्या. पाणी तोंडाशी हवं. लंगडणारं जनावर टाक्यापर्यंत जायचा कंटाळा करतं आणि तहानेलंच राहतं. बसूनच राहिला तर एका कुशीवर राहू देऊ नका. दर तीन-चार तासांनी कूस बदला आणि कुटाराची पोती दोन्ही बाजूंना लावून त्याला छातीवर बसतं ठेवा. आडवं पडून राहिलं तर पोट फुगतं. याला दोन माणसं लागतात, शेजारी हाक मारायला लाजू नका.

सगळं करूनही हाड मोडलेलं असेल, बैल आठवड्याहून जास्त उठत नसेल, अंगाला जखमा पडत असतील, तर डॉक्टरांना स्पष्ट विचारावं. गांधीजी १९३४ मध्ये वर्ध्याला येण्यापूर्वीची गोष्ट आहे. १९२८ साली साबरमती आश्रमातलं एक वासरू असंच असाध्य वेदनेत तडफडत होतं. त्यांनी डॉक्टरांकडून इंजेक्शन देववून त्याची सुटका केली आणि तसं उघडपणे लिहिलंही. संतापाची पत्रं ढिगांनी आली. त्यांनी निर्णय बदलला नाही. हा प्रश्न घरात निघाला तर बायकांनी गप्प बसू नये असं मला वाटतं. रात्री दोनदा उठून कूस बदलणारी तीच असते, आणि त्याला किती सोसवतंय हे तिच्याइतकं कुणालाच कळत नाही.

पोळ्याच्या तोंडावर बैल लंगडला तर त्याला तोरणाखाली न्यायचा हट्ट धरू नका. खांदशेकणी कोठ्यातच करा, पूजेचं ताटही तिथेच न्या. पुरणपोळी मात्र हात आखडून! प्रत्येक घरची एकेक म्हणता म्हणता बैलाच्या पोटात इतकं पीठ आणि गूळ जातो, की पोटात आम्ल वाढतं, तो रवंथ सोडतो, आणि त्याच कारणाने काही दिवसांनी खुरं सुजून धडधाकट बैलसुद्धा लंगडतो. नैवेद्याची एक पोळी पुरे. बाकीच्या शेजारणींकडून ओवाळणी घ्या, पोळी घेऊ नका.