कागद पुरा, उतारा अपुरा

सभासद बंधूंनो,

लागणीच्या नोंदी सुरू झाल्या, की आमच्या टेबलावर सातबाऱ्यांची चळत लागते. त्यांतले काही उतारे नाइलाजाने परत करावे लागतात. उतारा खोटा नसतो. छापताना त्याचा खालचा भाग कापला गेलेला असतो आणि डिजिटल सहीच्या उताऱ्यावरचा पडताळणी क्रमांक नेमका तिथेच असतो. तो नसला, तर उतारा खरा की खोटा हे आम्ही तपासायचे कसे?

तापीकाठचे एक वडीलधारे सभासद आम्हाला म्हणाले, "साहेब, कागद ते पुरा शे, मंग का चालस नही?" नानांचे बरोबर होते. कागद पुराच होता, उतारा अपुरा होता. त्यांना पुन्हा एस.टी.चे भाडे, पुन्हा एका दिवसाचा खाडा. शिवाय नोंद मागे पडली, की तोडीचा नंबरही मागे पडण्याची धास्ती. म्हणून हा विषय जरा समजून घेऊ या.

आपल्याकडे छपाईला तीन मापांचे कागद भेटतात. ए-फोर हा 210 बाय 297 मिलिमीटरचा. लीगल हा 216 बाय 356 चा, म्हणजे ए-फोरपेक्षा जवळजवळ 6 सेंटिमीटर लांब. तिसरा लेटर, 216 बाय 279 चा. हे माप अमेरिकेत चालते. आपल्या दुकानात तो कागद सहसा दिसत नाही, पण कॉम्प्युटरमध्ये मात्र पुष्कळदा तेच माप आधीपासून धरलेले असते. घोळ होतो तो इथेच.

ए-फोरची पद्धत जर्मनीत 1922 साली ठरली आणि 1975 साली ती आंतरराष्ट्रीय झाली. एक चौरस मीटरचा कागद म्हणजे ए-झीरो. तो मधोमध दुमडत गेलो, की चौथ्या घडीला ए-फोर मिळतो. भावाभावांत शेत निम्मेनिम्मे वाटले, की तुकड्यांचा आकार बदलतो. इथे तसे होत नाही, कितीही वाटण्या झाल्या तरी लांबीरुंदीचे प्रमाण तेच राहते.

आता छपाईकडे वळू. कागदाचे माप तीन ठिकाणी सांगितलेले असते. एक, उतारा ज्या मापावर मांडला ते. दोन, छापण्याचा हुकूम देताना पडद्यावर जी चौकट उघडते तिच्यातले 'पेपर साइज'. तीन, प्रिंटरच्या ट्रेमधला प्रत्यक्ष कागद. तिन्ही जुळले तर काम बिनघोर. चौकटीत लेटर राहिले आणि उतारा ए-फोर असला, तर 18 मिलिमीटरची तूट येते आणि काठावरची ओळ जाते.

मोठ्या प्रिंटरला दोन ट्रे असतात, एकात ए-फोर, दुसऱ्यात लीगल. कोणत्या ट्रेतून कागद घ्यायचा हे त्याच चौकटीत 'पेपर सोर्स' म्हणून निवडतात. निवड 'ऑटो'वर ठेवली, तर प्रिंटर ट्रेच्या नोंदीतले माप पाहून ट्रे ठरवतो. पुष्कळ प्रिंटरांना आत खरोखर कोणता कागद आहे ते दिसत नाही. नोंद एका गटाची आणि तोड दुसऱ्याच गटात, तसला हा प्रकार! म्हणून ट्रेमधला कागद बदलला, की प्रिंटरवरची नोंदही बदलावी. हवे ते माप कुठल्याच ट्रेत सापडले नाही, तर प्रिंटर दिवा लुकलुकवत थांबतो. तो बिघडलेला नसतो, कागदाची वाट पाहत असतो.

काट्यावर वा ऑफिसात भोकाभोकांचा सलग कागद वापरला, तरी नियम हाच. 12 इंची कागदाला 11 इंच माप दिले, तर दर पानाला छपाई एक इंच वर सरकते आणि चार-सहा पानांनंतर वजनाचा आकडा फाडायच्या रेघेवर येतो.

चोपडा असो की शिरपूर, सेवा केंद्रातून उतारा घेताना एवढे करावे :

1. "पेपर साइज ए-फोर करा, ट्रेमध्येही ए-फोरच आहे ना ते बघा," असे आधी सांगावे.
2. सातबारा छापताना 'फिट' निवडायला सांगावे. अक्षर किंचित बारीक होईल, पण ओळ कापली जाणार नाही.
3. प्रमाणात काढलेल्या गटाच्या नकाशाला मात्र 'फिट' चालत नाही. तिथे 'अ‍ॅक्च्युअल साइज'च हवे, आणि नकाशा ज्या मापाचा असेल त्याच मापाचा कागद.
4. पैसे देण्याआधी शेवटची ओळ वाचावी. पडताळणी क्रमांक पुरा दिसला, तरच उठावे.

तिसऱ्या मुद्द्याचे कारण ऐका. ए-फोरचा नकाशा लेटरच्या मापात बसवला, तर लांबी शंभराला 94 उरते. लांबी आणि रुंदी दोन्ही घटल्याने क्षेत्र शंभराला 88 वर येते. म्हणजे त्या नकाशावर पट्टी ठेवून मोजले, तर 40 गुंठ्यांचा एकर 35 गुंठेच भरेल. बांध जागचा हलत नाही, पण कागदावर पाच गुंठे जातात, आणि अशा कागदावरून भाऊबंदकी पेटायला वेळ लागत नाही.

उसाचे वजन आपण काट्यावर डोळ्यांत तेल घालून बघतो. कागदाकडेही तसेच बघावे, एवढीच विनंती.

आपला,
ऊस विकास अधिकारी