पोटॅशची बॅग महागली, त्यात डॉलरचा वाटा किती?

आडसाली उसाची मोठी बांधणी जवळ आली की कोल्हापूर जिल्ह्यातील कृषी सेवा केंद्रांत पोटॅशची चौकशी वाढते. बॅगेवर नवी, चढी किंमत दिसली आणि कारण विचारले की एकच उत्तर मिळते: "डॉलर वाढलाय." हे उत्तर खोटे नाही, पण बऱ्याचदा अर्धेच असते. दरवाढीत डॉलरचा वाटा किती आणि इतर कारणांचा किती, हे तुम्ही स्वतः कागद-पेन घेऊन पाच मिनिटांत काढू शकता. तो हिशोब कसा करायचा आणि त्यावरून खताचे नियोजन कसे करायचे, ते या लेखात पाहू.

तीन बॅगा, तीन वेगळे नियम

रुपया घसरला म्हणून सगळी खते सारखी महाग होत नाहीत.

युरिया : ४५ किलोच्या बॅगेची किंमत सरकारने २६६.५० रुपये ठरवून दिली आहे. युरिया बनवण्यासाठी लागणारा नैसर्गिक वायू मोठ्या प्रमाणात परदेशातून येतो. म्हणजे डॉलर इथेही आहेच, पण त्याचा भार अनुदानातून सरकार उचलते. त्यामुळे "डॉलरमुळे युरिया महागला" असे कोणी सांगितले तर ते मान्य करू नका.

डीएपी : तयार डीएपी, तसेच ते बनवायला लागणारे रॉक फॉस्फेट आणि फॉस्फोरिक आम्ल यांसाठी आपण आयातीवर अवलंबून आहोत. तरीही ५० किलोच्या बॅगेची किंमत १,३५० रुपयांवर राहावी म्हणून केंद्राने एप्रिल २०२४ पासून नेहमीच्या अनुदानाशिवाय टनाला ३,५०० रुपये, म्हणजे बॅगेमागे १७५ रुपये, विशेष मदत दिली.

म्युरेट ऑफ पोटॅश (एमओपी) : देशाला लागणारे एमओपी आयातच करावे लागते. अन्नद्रव्य आधारित अनुदान योजनेत पालाशला मिळणारे अनुदान अगदी थोडे आहे. खरीप २०२४ साठी ते किलोला २.३८ रुपये होते. एका बॅगेत ३० किलो पालाश असते, म्हणजे बॅगेमागे जेमतेम ७१ रुपये. हे अनुदान किलोमागे ठरलेले असते. डॉलर वाढला म्हणून ते आपोआप वाढत नाही. म्हणूनच रुपयाची घसरण सर्वांत आधी आणि सर्वांत स्पष्ट दिसते ती पोटॅशच्या बॅगेवर. १०:२६:२६ सारख्या मिश्र खतात स्फुरद आणि पालाश दोन्ही आयातीशी बांधलेले असल्याने तेही याच वाटेने जाते.

डॉलरचा वाटा असा काढा

एक टन म्हणजे ५० किलोच्या २० बॅगा. समजा, परदेशातून आलेले एमओपी बंदरात टनाला ३५० डॉलरला पडले. डॉलर एका रुपयाने महागला तर टनामागे ३५० रुपये वाढतात. त्याला २० ने भागले की बॅगेमागे १७.५० रुपये. ५ टक्के जीएसटी धरला तर साधारण १८ रुपये.

डिसेंबर २०२४ मध्ये डॉलर ८५ रुपयांच्या पुढे गेला आणि डिसेंबर २०२५ मध्ये त्याने ९० ओलांडले. वर्षभरात ढोबळमानाने ५ रुपयांचा फरक पडला. वरच्या हिशोबाने या घसरणीचा बॅगेवरचा भार सुमारे ९२ रुपये होतो.

आता हे एकरात बसवू. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या शिफारशीनुसार आडसाली उसाला हेक्टरी ४०० किलो नत्र, १७० किलो स्फुरद आणि १७० किलो पालाश द्यायचे असते. एकरी पालाश ६८ किलो, म्हणजे सुमारे ११३ किलो एमओपी, अर्थात सव्वादोन बॅगा. त्यावर डॉलरचा भार एकरी २१० रुपयांच्या आसपास येतो.

बॅग ३०० रुपयांनी महागली असेल तर एकरी खर्च सुमारे ६८० रुपयांनी वाढतो. त्यातले २१० रुपये डॉलरचे. उरलेल्या ४७० रुपयांचे कारण दुसरीकडे शोधायला हवे.

मग उरलेले पैसे कशाचे?

पहिले कारण म्हणजे जागतिक बाजारातील खताचा डॉलरमधला भाव. २०२१ साल आठवा. त्या वर्षी डॉलर ७२ ते ७६ रुपयांच्या पट्ट्यातच फिरत होता. तरीही हजार रुपयांच्या आसपास मिळणारी पोटॅशची बॅग २०२२ उजाडताच १,७०० रुपयांवर गेली. बेलारूस हा पोटॅशचा मोठा पुरवठादार. त्याच्यावर निर्बंध आले आणि जगभर भाव भडकले. पाठोपाठ रशिया-युक्रेन युद्ध सुरू झाले. पुढे जागतिक भाव उतरले तेव्हा, रुपया आणखी कमजोर होऊनही, बॅग १,७०० च्या खाली आली. रुपया आणि बॅग नेहमी हातात हात घालून चालत नाहीत, हे यावरून कळते.

दुसरे कारण म्हणजे जहाजाचे भाडे, बंदरापासून रेल्वे रेकपर्यंतची आणि तिथून गावापर्यंतची वाहतूक, हमाली आणि विक्री साखळीतील नफा. यातला देशातला खर्च रुपयातच होतो.

तिसरी गोष्ट वेळेची. करार, जहाज, बंदर, गोदाम आणि मग दुकान, या प्रवासाला काही महिने लागतात. आज सकाळी रुपया घसरला म्हणून दुकानात आधीच पडलेली बॅग संध्याकाळी महाग होण्याचे कारण नाही.

दुकानात काय पाहाल?

- बॅगेवर छापलेली कमाल किरकोळ किंमत पाहा. खत नियंत्रण आदेश १९८५ नुसार त्यापेक्षा जास्त पैसे घेता येत नाहीत. जुन्या किमतीची बॅग नव्या किमतीला विकता येत नाही.
- ई-पॉस यंत्रावर नोंद करून पक्के बिल घ्या. बिलावरची आणि बॅगेवरची किंमत जुळते का ते तपासा.
- "पोटॅश हवे तर हे टॉनिकही घ्यावे लागेल" असे लिंकिंग मान्य करू नका.
- तक्रार असेल तर बिल आणि बॅगेचा फोटो घेऊन पंचायत समितीच्या किंवा तालुक्याच्या कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी द्या.

छापील किंमत दुकानदार ठरवत नाही, कंपनी ठरवते. त्यामुळे छापील किमतीत खत देणाऱ्या दुकानदाराशी वाद घालून उपयोग नाही. छापील किमतीच्या वरचे पैसे मात्र सोडू नका.

उसाच्या दरात डॉलर येतो का?

रुपया घसरला की निर्यातदाराला जास्त रुपये मिळतात, मग ऊस उत्पादकाचाही फायदा होत असेल, असे वाटू शकते. पण साखर निर्यातीला केंद्राच्या परवानगीची आणि कोट्याची चौकट आहे. उसाची एफआरपी तर रुपयातच ठरते. १०.२५ टक्के उताऱ्याला २०२४-२५ च्या हंगामासाठी ती क्विंटलला ३४० रुपये होती, २०२५-२६ साठी ३५५ रुपये. डॉलर वाढला म्हणून ती हंगामाच्या मध्यात बदलत नाही. थोडक्यात, डॉलर खर्चाच्या बाजूने लगेच शिवारात येतो, उत्पन्नाच्या बाजूने तसा येत नाही. म्हणून बचत खर्चाच्या बाजूलाच करावी लागते.

डॉलर न लागणारे पालाश

१. पाचट : खोडव्यात एकरी ३ ते ४ टन पाचट मिळते. त्यात पालाश ०.७ टक्के धरले तरी २१ ते २८ किलो होते. एमओपीच्या भाषेत हे ३५ ते ४७ किलो, म्हणजे पाऊण ते जवळजवळ एक बॅग. पाचट कुजेल तसे ते हळूहळू मिळते, त्यामुळे पहिल्याच वर्षी सगळी मात्रा वजा करू नका. पण पाचट पेटवून आणि कापणीनंतर बाहेर टाकून हे धन घालवू नका.

२. मळीपासूनचे पोटॅश (पीडीएम) : आसवनीतील स्पेंटवॉश जाळल्यावर उरणाऱ्या राखेपासून हे तयार होते. ऑक्टोबर २०२१ मध्ये त्याचा अनुदान योजनेत समावेश झाला. यात पालाश १४.५ टक्के, म्हणजे ५० किलोच्या बॅगेत सव्वासात किलो. एमओपीच्या बॅगेत ३० किलो असते, हे लक्षात ठेवून तुलना करा. एमओपीची बॅग १,५०० रुपये असेल तर पालाश किलोला ५० रुपये पडते. त्या हिशोबाने पीडीएमच्या बॅगेची किंमत ३६० रुपयांच्या आत असेल तरच ते परवडते. बॅग स्वस्त दिसते म्हणून पालाशही स्वस्त पडले, असे होत नाही.

३. माती परीक्षण : काळ्या भारी जमिनीत उपलब्ध पालाश बऱ्याचदा भरपूर असते. पश्चिमेकडील लाल, हलक्या जमिनीत ते कमी असू शकते. अहवाल हातात असल्याशिवाय मात्रा कमी करू नका. महाग झाले म्हणून पोटॅश सरसकट बंद केले तर उसाचे वजन आणि साखर दोन्हींवर परिणाम होतो आणि वाचवलेल्या पैशांपेक्षा नुकसान मोठे होते.

पुढच्या वेळी बॅग महागली की तीन आकडे लिहा: जुनी किंमत, नवी किंमत आणि दरम्यान डॉलर किती रुपयांनी वाढला. शेवटच्या आकड्याला १८ ने गुणा. आलेले उत्तर म्हणजे डॉलरचा ढोबळ वाटा. जागतिक भाव ३५० डॉलरपेक्षा बराच वेगळा असेल तर १८ च्या जागी तो भाव भागिले २० करून त्यात ५ टक्के मिळवा. फरक मोठा निघाला तर बॅगेवरची छापील किंमत आणि बिल पुन्हा एकदा तपासा, आणि खरेदीआधी मातीचा अहवाल पाहून मगच बॅगांची संख्या ठरवा.