माहेरचा हाही वारसा

मागच्या महिन्यात आमच्या बचत गटातल्या बायकांसाठी रक्तदाब तपासणीचं शिबिर घेतलं. नावं लिहिणं, रांग लावणं माझ्याकडे. सगळ्यांचं झाल्यावर सिस्टर म्हणाल्या, "ताई, आता तुम्ही बसा." मी हसतहसतच हात पुढे केला. वरचा १५४, खालचा ९६! नंतर दोन वेगवेगळ्या दिवशी मोजला, तरी तसाच. डॉक्टरांनी गोळी सुरू केली.

धाकट्या भावाला फोन करून म्हटलं, "तूही तपासून घे." तर म्हणतो, "ताई, अण्णा बावन्नाव्या वर्षी हार्ट अटॅकनं गेले. आपल्या रक्तातच आहे ते. तपासून काय होणार?"

त्याचं अर्धं बरोबर आहे. २०१८ साली दहा लाखांहून जास्त लोकांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. रक्तदाबाशी संबंध असलेल्या ९०० च्या वर जागा त्यात मोजल्या गेल्या. एकेकीचा वाटा किरकोळ, पण थेंबे थेंबे तळे साचे! आणि हा वारसा वडिलांइतकाच आईकडूनही येतो. वडील किंवा भावाला पंचावन्नच्या आत, आई किंवा बहिणीला पासष्टच्या आत हृदयविकार झाला असेल, तर आपण जास्त सावध राहायला हवं.

पण उरलेलं अर्धं भावाला ठाऊक नाही. २०१६ साली अमेरिका आणि स्वीडनमधल्या ५५ हजारांवर लोकांची माहिती तपासली गेली. ज्यांच्या जनुकांत हृदयविकाराचा धोका सर्वांत जास्त होता, त्यांच्यातही धूम्रपान न करणं, वजन आटोक्यात ठेवणं, नियमित व्यायाम आणि योग्य आहार यांपैकी निदान तीन गोष्टी पाळणाऱ्यांना तो धोका जवळपास निम्म्यानं कमी होता. म्हणजे वारसा मिळतो, पण त्याचं पुढे काय करायचं, ते बरंचसं आपल्या हातात असतं.

मैत्रिणींनो, घरातल्या सगळ्यांच्या गोळ्यांच्या वेळा आपल्याला पाठ असतात. स्वतःचा रक्तदाब किती, हे किती जणींना सांगता येईल? तो वाढला तरी बहुतेक वेळा काही दुखत नाही, म्हणून मोजल्याशिवाय कळत नाही. मीठही माणशी दिवसाला पाच ग्रॅमच्या आत हवं, म्हणजे जेमतेम एक चमचा; लोणचं-पापड धरून! आमच्या ताटातलं वरचं मीठ मी बंद केलंय.

यंदा भाऊबीजेला साडी नको म्हणून सांगितलंय. आधी रक्तदाब मोजून ये, मगच ओवाळीन.