सालदाराच्या गाण्यापासून डीजेपर्यंत: वाहरू सोनवणे यांच्या गाण्यांचा मागोवा

९ ऑगस्टला, जागतिक आदिवासी दिनी, नंदुरबार जिल्ह्यात कुठेही जा, शहादा, तळोदा, धडगाव, अक्कलकुवा, नवापूर, रस्ते आदिवासी तरुण-तरुणींनी फुललेले असतात. पिकअपवर स्पीकरची उतरंड, मागे धडधडणारा जनरेटर, आणि गाणी भिलोरीत, पावरीत, मावचीत, देहवालीत. गाण्यांत बिरसा मुंडा येतो, तंट्या भील येतो, खाज्या नाईक येतो, जल-जंगल-जमीन येतं. मराठी वृत्तपत्रांत या गाण्यांची बातमी होते ती बहुतेक वेळा आवाजाच्या तक्रारीपुरती. पण आपल्या बोलीत, आपल्या नाचाच्या ठेक्यावर, आपल्या हक्काची गोष्ट सांगायची ही रीत कुणीतरी पाडलेली आहे. माझ्या मते ती १९७२ च्या शहाद्यात पडली आणि ती पाडणाऱ्यांत सगळ्यात मोठा वाटा वाहरू सोनवणे यांचा आहे. मराठी वाचक त्यांना ‘गोधड’ या कवितासंग्रहाचे कवी म्हणून ओळखतो. गाणी रचणारे आणि चळवळीत गाणारे म्हणून त्यांच्याकडे फार कमी पाहिलं गेलं.

सातपुड्याच्या पायथ्याला गाण्याभोवती माणसं गोळा करण्याचा वारसा त्यांच्याही आधीचा. १९३७-३८ च्या सुमाराला तळोद्याकडच्या मोरवड इथे गुला महाराजांनी आरत्या सुरू केल्या. त्या आरत्यांना हजारोंनी भिल्ल जमू लागले, दारू सोडायची शपथ घेऊ लागले, आणि एवढी माणसं एका सुरात काही म्हणताहेत याचीच सरकारला आणि सावकारांना धास्ती वाटली. १९३८ मध्ये महाराज गेले. त्यांचे भाऊ रामदास महाराज यांनी ते काम पुढे नेलं. साठच्या दशकात शहादा तालुक्यातल्या पाडळद्याचे अंबरसिंग सुरतवंती भजनं म्हणत गावोगाव फिरत. त्या भजनांमुळेच लोक त्यांना महाराज म्हणू लागले. रात्री भजनाला बसलेली माणसं सकाळी मजुरीचं, मारहाणीचं, गेलेल्या जमिनीचं गाऱ्हाणं त्यांच्यापुढे मांडत. शहाद्याच्या आदिवासी संघटनेची पहिली बैठक म्हणायची तर ती टाळ वाजणाऱ्या ओट्यावर झाली, कुठल्या कार्यालयात नाही.

तापी आणि गोमाईच्या काठची जमीन काळीभोर, कसदार. आदिवासींच्या हातून ती सावकारी, गहाणखतं, अंगठे यांच्या वाटेने निसटली होती. कालपर्यंत ज्याची जमीन तोच आज तिच्यावर सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणारा गडी. पीक संरक्षण सोसायट्यांच्या राखणदारांची दहशत वेगळीच. २ मे १९७१ रोजी पाटीलवाडीला आदिवासींवर गोळीबार झाला आणि शहाद्याचं नाव राज्यभर पोचलं. सर्वोदयी कार्यकर्ते आले, ३० जानेवारी १९७२ रोजी शहाद्याला भूमुक्ती मेळावा झाला, आणि त्याच वर्षी श्रमिक संघटना उभी राहिली. कुमार शिराळकर, दीनानाथ मनोहर यांच्यासारखे शिकलेले तरुण बाहेरून येऊन इथे राहिले. त्यांचं लिहिणं-बोलणं मराठीत, सालदाराचं जगणं भिलोरीत. मधली दरी भाषणाने बुजेना. दुष्काळाच्या त्या दिवसांत संघटनेत आलेल्या वाहरूंनी ती गाण्याने ओलांडली.

ती कशी, हे जरा जवळून पाहण्यासारखं आहे. भिल्लांच्या फेराच्या गाण्यात एक जण, पुष्कळदा बाईच, ओळ टाकते; बाकीचे ती उचलून धरतात. ओळ आखूड असते. पुढच्या खेपेला तीच ओळ येते, फक्त तिच्यातला एक शब्द बदललेला असतो: एका गावाच्या जागी दुसरं गाव, एका दागिन्याच्या जागी दुसरा दागिना, नवरदेवाच्या जागी त्याचा भाऊ. ढोलाचा ठेका तोच, पावलं तीच, फेर डावीकडून उजवीकडे घड्याळाच्या उलट फिरत राहतो. अशा रचनेत गाणं पाठ करावं लागत नाही. दुसऱ्या फेरीला नवखा माणूसही म्हणू लागतो. दागिन्याच्या जागी जमीन, मजुरी, रोजगार हमीचं काम, तुरुंग असे शब्द बसवले, की तेच गाणं मोर्चाचं होतं. ऐकायला सोपं वाटतं. पण कुठला शब्द कुठे बसवला तर पाय थबकत नाहीत, हे फेरात नाचून मोठ्या झालेल्या माणसालाच कळतं. बाहेरून आलेल्या कार्यकर्त्याने मराठीत कितीही चांगलं क्रांतिगीत लिहिलं असतं, तरी ते टाळ्या घेऊन संपलं असतं. फेरात शिरलं नसतं.

आणि ही गाणी सभेपुरती उरली नाहीत. १९७३ च्या आसपास शहादा तालुक्यात श्रमिक बायकांची शिबिरं झाली. त्यांत नवऱ्याच्या दारूचा विषय निघाला, आणि बायकांनी उठून गुत्त्यांवर जाऊन दारूची मडकी फोडली. देशभरच्या स्त्रीवादी लेखनात पुढे या घटनेची नोंद झाली. गाणं म्हणण्याची त्यांची सवय या बळाच्या मुळाशी होती, असं मला वाटतं. लग्नात, होळीत ओळ टाकणारी बाई चारचौघांत आवाज काढायला मुळात कधीच लाजत नव्हती. चळवळीने तिला विषय दिला, आवाज तिचा स्वतःचा होता. अंबरसिंग महाराज १९७४ मध्ये अकाली गेले. त्यानंतर संघटना टिकली त्यात या बायकांचा मोठा वाटा आहे.

त्याच दशकात मराठी माणसाच्या घराघरांत आदिवासी गाणं म्हणून पोचलं ते ‘जैत रे जैत’मधलं. १९७७ चा जब्बार पटेलांचा चित्रपट, ना. धों. महानोरांचे शब्द, हृदयनाथ मंगेशकरांचं संगीत. ती गाणी अपूर्व आहेत, आजही अंगावर काटा आणतात. पण त्यांत ठाकर दिसतो तो कवीच्या आणि संगीतकाराच्या प्रेमळ नजरेतून. शहाद्याच्या गाण्यात नजर आतून बाहेर जाते. रेडिओवर वाजलेली गाणी महाराष्ट्राच्या कानात राहिली, आणि शहाद्यात सालदार गात होता त्याची ध्वनिमुद्रिका कुणी काढली नाही. मराठी संगीताच्या इतिहासातली ही मोठी उणीव आहे.

१९८७ मध्ये पुण्याच्या सुगावा प्रकाशनाने ‘गोधड’ काढलं. भिलोरी कविता आणि त्यांची मराठी रूपं एकत्र आलेलं हे पुस्तक. त्यातली ‘स्टेज’ ही कविता पुढे अनेक भाषांत गेली, अभ्यासक्रमांत आली. आदिवासींना व्यासपीठावर बोलावलंच जात नाही, त्यांचं दुःख दुसरेच वर बसून सांगतात, ही तिच्यातली सल. सवर्ण पुढाऱ्याला टोचणारी ही कविता डाव्या चळवळीतल्या मित्रांनाही टोचली, हे तिचं खरं धाडस. मला मात्र ती गाण्याच्या अंगाने वाचावीशी वाटते. फेराच्या गाण्याला व्यासपीठ नसतं. ओळ टाकणारा आणि ओळ उचलणारा एकाच जमिनीवर, एकाच गोलात असतात. ज्याची घडण अशा गोलात झाली, त्याला व्यासपीठाची ती दोन फूट उंची इतकी का खुपली, हे मग कळतं.

१९९० च्या डिसेंबरात पालघरला पाचवं आदिवासी साहित्य संमेलन भरलं, वाहरू त्याचे अध्यक्ष. अध्यक्षीय भाषणात त्यांनी लिहिलेल्यालाच साहित्य मानण्याच्या समजुतीला हात घातला. आदिवासींचं साहित्य तोंडी आहे, गाण्यात आहे, नाचात आहे, आणि ते कागदावर आलं नाही म्हणून कमी प्रतीचं ठरत नाही, हा त्यांचा मुद्दा. २०१६ मध्ये बॉब डिलनला साहित्याचं नोबेल मिळालं तेव्हा गाणं हे साहित्य म्हणायचं की नाही यावर जगभर वाद झडले, मराठीतही लेख आले. पालघरचं भाषण त्याआधी २६ वर्षांचं. त्या लेखांत त्याची आठवण निघायला हवी होती.

वामनदादा कर्डकांचं नाव इथे येणं साहजिक आहे. सिन्नरजवळच्या देशवंडीचे वामनदादा (१९२२ ते २००४) गाणी रचत आणि स्वतः गात गावोगाव फिरले. भीमगीतांची मोठी बाजारपेठ, कॅसेटपासून आजच्या जयंतीच्या डीजेपर्यंत, त्यांच्या शब्दांवर उभी आहे. त्यांच्यामागे मराठी भाषा होती, छापखाने होते, कॅसेट कंपन्या होत्या, हजारो गायन पार्ट्या होत्या. वाहरूंच्या बोलीला यातलं काहीच नव्हतं. म्हणून त्यांचा प्रभाव ‘अमुक गाणं अमुक गायकाने पुन्हा गायलं’ अशा पद्धतीने मोजता येत नाही. तो दुसऱ्या वाटेने पसरला.

ती वाट म्हणजे आदिवासी एकता परिषद. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला पालघरचे काळूराम धोदडे, गुजरातचे अशोक चौधरी आणि वाहरू यांच्यासारख्यांनी महाराष्ट्र, गुजरात, मध्य प्रदेश, राजस्थान या पट्ट्यातल्या आदिवासींना एकत्र आणायला सुरुवात केली. संघटनेचं बळ संस्कृतीत आहे, हा वाहरूंचा आग्रह तिथे रुजला. जानेवारीत संक्रांतीच्या सुमाराला भरणाऱ्या तिच्या महासंमेलनात भाषणांइतकाच वेळ गाण्यानाचाला. धडगावचा पावरा तिथे डांगच्या कोकण्याचं ऐकतो, नवापूरचा मावची झाबुआच्या भिलाल्याचं. ‘आमु आखा एक से’ ही तिथली घोषणा आज सातपुड्यातल्या कितीतरी गाण्यांत धृपदासारखी येते. ती गाणारी कितीतरी मुलं परिषदेच्या वाऱ्यालाही उभी राहिलेली नसतील. त्यांच्या तोंडी ती गाण्यातूनच आली.

तंत्राने बाकीचं काम केलं. आधी कॅसेट, मग सीडी, मग मोबाइलच्या दुकानात वीस-तीस रुपये देऊन मेमरी कार्डात भरून घेतलेली गाणी. आठवडे बाजाराच्या दिवशी शहाद्याच्या किंवा अक्कलकुव्याच्या अशा दुकानापुढे पोरांची रांग असायची. दुकानदार विचारायचा, टिमली नाचाची गाणी भरू की सोंगाड्या पार्टीची? २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला आणि यूट्यूब गावोगाव पोचलं. आता गावातल्या घरातच कीबोर्ड, माइक आणि लॅपटॉपवर गाणं तयार होतं. ढोल, पावरी, बासरी यांची जागा कीबोर्डच्या आवाजांनी घेतली म्हणून हळहळणारे पुष्कळ आहेत, आणि काठीच्या राजवाडी होळीला रात्रभर खरा ढोल ऐकलेल्या माणसाला ती हळहळ वाटणारच. पण कान देऊन ऐकलं तर आतली घडण तीच आहे: आखूड ओळ, एक शब्द बदलून तिची परत फेरी, टाकणारा आणि उचलणारे. डीजेपुढचा घोळकासुद्धा थोड्या वेळात आपोआप गोल धरतो आणि घड्याळाच्या उलटच फिरतो.

बदललं ते नाव घेण्याचं. संघटनेच्या गाण्यांत रचणाऱ्याचं नाव नसे. आठ दिवसांत गाणं साऱ्यांचं होई. आजच्या गाण्यात सुरुवातीलाच गायकाचं, गीतकाराचं, बँडचं, चॅनेलचं नाव घुमतं. मला याचं वाईट वाटत नाही. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्या गाण्याखाली ‘पारंपरिक’ एवढंच छापलं गेलं, त्यांनी आपलं नाव ठणकावून घेतलं तर तो ‘स्टेज’ कवितेचाच पुढचा टप्पा आहे. ज्यांना वर बोलावलं गेलं नाही, त्यांनी स्वतःचं व्यासपीठ चाकांवर चढवलं.

खंत आहे ती वेगळी. अभिमानाचं गाणं सोपं पडतं, आणि ऐकणाऱ्यालाही गोड लागतं. वाहरूंची ताकद अभिमानाच्या पलीकडे होती. मजुरी किती, जमीन कुणाच्या नावावर, शिवी कोण देतं, घरात मारतं कोण, हे सगळं त्यांच्या पिढीच्या गाण्यात आणि कवितेत आलं. आपल्यातल्या उणिवांवर बोट ठेवायला ते कचरले नाहीत. आजच्या गाण्यांत नाईक आणि मुंडा आहेत, पण सालदाराच्या नातवाचं आजचं जगणं फार थोडं आहे. दिवाळी उलटली की धडगाव, अक्कलकुवा, तळोद्याच्या पाड्यांवरची कुटुंबंच्या कुटुंबं भांडीकुंडी, कोंबड्या, लेकरं घेऊन गुजरातेत ऊसतोडीला जातात. मुकादमाची उचल, फडातलं पाचटाचं खोपटं, मध्येच सुटलेली शाळा, हे या जिल्ह्यातल्या हजारो घरांचं सहा महिन्यांचं आयुष्य. त्यावरचं गाणं डीजेवर मला फारसं ऐकू येत नाही. आणि गाणी लिहिणारी मुलं तर त्याच घरांतली आहेत. होळीला फडावरून परत येऊन फेरात नाचणारीही तीच.

दुसरी गोष्ट तातडीची. १९७३ च्या त्या शिबिरांत ओळी टाकणाऱ्या बायका आज सत्तरी ओलांडलेल्या आहेत. शहादा-तळोद्याच्या गावांत त्या अजून भेटतात, आणि विषय काढला तर गाणंही आठवतं. ‘गोधड’ पुस्तकरूपाने राहिलं. ही गाणी माझ्या माहितीत कुठेच उतरवलेली नाहीत. जिल्ह्यातली महाविद्यालयं, तिथले मराठीचे आणि समाजशास्त्राचे विद्यार्थी, यूट्यूबवर लाखो श्रोते असलेले गायक, यांच्यापैकी कुणीही हे काम या उन्हाळ्यात सुरू करू शकतं. लग्नसराई तेव्हाच असते, त्यामुळे म्हाताऱ्या बायका गाण्याच्या रंगातही असतात.