अनाहूत अवलंबने : डेबियनवरील ध्वनि-आज्ञावलींचे एक उदाहरण

ऑडॅसिटी ही ध्वनिसंपादनाची आज्ञावली डेबियन या लिनक्स-प्रणालीवर स्थापित केली, की तिच्याबरोबर जॅक या ध्वनिव्यवस्थेची लायब्ररीही संगणकावर येते. जॅक ही अनेक आज्ञावलींमधील ध्वनिप्रवाह अत्यल्प विलंबाने एकमेकांस जोडणारी, मुख्यतः व्यावसायिक ध्वनिमुद्रणाच्या उपयोगाची व्यवस्था होय. बोलीभाषेच्या अभ्यासासाठी घेतलेली एखादी मुलाखत काटछाट करून नीट करू पाहणाऱ्या संशोधकास तिचे काहीच प्रयोजन नसते. मग ती येते कशी?

ऑडॅसिटी ध्वनियंत्रणेशी स्वतः व्यवहार करीत नाही. ते काम पोर्टऑडिओ ही मधली लायब्ररी करते. पोर्टऑडिओच्या मूळ लेखनात जॅक हा केवळ ऐच्छिक भाग आहे. परंतु डेबियनसाठी तिचे संकलन करताना तो भाग चालू ठेवलेला असल्यामुळे जॅकच्या लायब्ररीचे नाव सिद्ध फाइलीत कायमचे कोरले जाते. आज्ञावली सुरू होताना अशी सर्व नावे शोधली जातात. त्यांतील एक जरी न सापडले तरी ती सुरूच होत नाही. पॅकेज बांधणारे साधन हीच नावे वाचून अनिवार्य अवलंबनांची यादी आपोआप तयार करते. मूळ लेखकाने ऐच्छिक मानलेली गोष्ट अशा रीतीने बांधणाराच्या एका निर्णयाने सक्तीची होते, आणि वापरणारा ती काढू गेल्यास तिच्यामागोमाग ऑडॅसिटीही निघून जाते.

यास उपाय नाही असे मात्र नव्हे. व्हीएलसीमध्ये जॅकचा भाग स्वतंत्र पॅकेजात ठेवलेला आहे. ज्यास हवा त्याने तो घ्यावा. हाच मार्ग अधिक प्रशस्त म्हणावा लागेल. त्याचीही किंमत असते, हे खरे. एमपी३वरील पेटंटांच्या काळात ऑडॅसिटी लेम ही लायब्ररी प्रत्यक्ष गरज पडेल तेव्हाच शोधीत असे. ती नसल्याचे नवख्यास फाइल निर्यात करतानाच, म्हणजे सारे काम संपल्यावर, कळे!

दुसरा प्रकार शिफारशींचा. डेबियनच्या धोरणानुसार, अपवादात्मक परिस्थिती सोडता जे पॅकेज सोबत असावयास हवे त्याची शिफारस करावी. २००९ साली प्रसृत झालेल्या लेनी या आवृत्तीपासून अशी पॅकेजेही न विचारता स्थापित होऊ लागली. ती नाकारता येतात. एपीटीच्या आज्ञेस ‘नो-इन्स्टॉल-रेकमेंड्स’ हा पर्याय जोडला की पुरे. तथापि सरसकट नाकारल्यास उपयुक्त पॅकेजेही गळतात, म्हणून यादी आधी वाचून हवे तेवढे नावानिशी मागावे, हे उत्तम.

मागाहून सफाई करू म्हणणाऱ्यांची बहुधा निराशा होते. एपीटीची ‘ऑटोरिमूव्ह’ ही आज्ञा निरुपयोगी झालेली पॅकेजे काढते खरी. परंतु आपोआप आलेल्या पॅकेजाची शिफारस, किंवा नुसती सूचनादेखील, स्थापित असलेल्या दुसऱ्या एखाद्या पॅकेजाने केलेली असली, तर मूळच्या मांडणीत ती त्यास हात लावीत नाही. ज्या आज्ञावलीसाठी ते आले ती केव्हाच काढून टाकलेली असली तरी ते तसेच राहते.